बसलेला रंग, बसवलेला रंग

माझ्या दादीचा निकाह झाला तेव्हा मेहर ठरला होता एक्कावन्न रुपये. कलदार रुपये, चांदीचे. साल 1935च्या आसपासचं. त्या एक्कावन्नांपैकी मला पाहायला मिळाले ते नऊच. बाकीचे कुठे गेले याचा हिशेब दादीला तोंडपाठ होता. काही घरावर कवेलू टाकताना गेले, काही अब्बांच्या शिक्षणात गेले, आणि शेवटची मोठी चळत 1972च्या दुष्काळात ज्वारीपायी गेली. उरलेले नऊ उर्दू अखबाराच्या कागदात पुडी बांधून तिच्या लाकडी पेटीत तळाशी असायचे.

मी बारा वर्षांचा असेन. ईद जवळ आली होती. घरातली भांडी घासणं चाललं होतं. मला वाटलं, दादीला खूश करावं. चिंच आणि चुलीतली राख घेऊन बसलो आणि ते काळपट रुपये एकेक करून लख्ख केले. आठ झाले. नववा हातात घेतला तेवढ्यात दादी आली. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "त्याले राहू दे बाप्पा. त्याले घासू नोको."

तो नववा रुपया आज माझ्याकडे आहे. पंचम जॉर्जचा, 1919चा. पुडीत ते रुपये कलंडलेल्या चळतीसारखे एकमेकांवर तिरपे पडून असत. त्यामुळे या रुपयाचा जो भाग दुसऱ्या रुपयाखाली झाकला गेला तो अजून पांढुरका आहे. उघडा राहिलेला भाग चंद्रकोरीसारखा रंगलाय. आतल्या बाजूला फिकट पिवळा, मग सोनेरी, मग जांभळट लाल आणि अगदी काठाला निळा. आज नाण्यांचे संग्राहक अशा रंगाला 'टोनिंग' म्हणतात, आणि त्यासाठी चांदीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजतात. माझ्या हाताने घासलेले आठ मात्र चांदीच्या भावाचेच राहिले.

आजचं माझं बोलणं या रंगाविषयी आहे. तो आपोआप बसलेला कोणता आणि कुणी बसवलेला कोणता, हे कसं ओळखायचं? प्रश्न छंदी माणसांचा वाटतो. पण नाणं पारखण्याचा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला नवा नाही.

आज रुपया म्हटला की एकच. आपल्या खापरपणजोबांच्या काळी तसं नव्हतं. 1596 साली वऱ्हाड मोगलांकडे गेलं आणि एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, टांकसाळीचं नाव फारसी अक्षरांत मोगली नाण्यांवर उमटू लागलं. पुढे निजामाचा अंमल आला, नागपूरकर भोसल्यांचा आला, आणि एकाच मुलखातून दोघंही महसूल उचलू लागले. बाजारात नागपुरी रुपया, हैदराबादी रुपया, जुना मोगली रुपया असे सगळे एकत्र फिरत. कुणाचं वजन थोडं कमी, कुणाची चांदी थोडी हलकी.

मग घेणाऱ्याने भरवसा कुणावर ठेवायचा? त्यासाठी सराफ होता. हा शब्द अरबी 'सर्राफ'वरून आपल्याकडे आला. गावगाड्यात हेच काम पोतदार करी. आज पोतदार आपल्याला आडनाव म्हणून माहीत आहे. एकेकाळी तो गावाचा नाणेपारखी होता. नाणं दगडावर वाजवायचं, तोलायचं, त्यावरचा छाप वाचायचा, शंका आली तर कसोटीला लावायचं, अशी ती पारख असे. रंग वाचणं हाही त्या विद्येचा भाग होता. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सोन्याचा कस कसोटीवरच्या रेघेच्या रंगावरून कसा ठरवायचा, याची सविस्तर माहिती आहे. ठरावीक कसाच्या सोन्याची रेघ शेजारी ओढायची आणि दोन्ही रंग ताडून पाहायचे.

नाणं जुनं, झिजलेलं किंवा परक्या टांकसाळीचं निघालं की सराफ त्याच्या दर्शनी किमतीतून काही कापून घेई. त्या कपातीचं नाव बट्टा. "नावाला बट्टा लागला" असं आपण म्हणतो, ते याच बाजारातून आलेलं बोलणं. आणि ज्याला काहीच बट्टा नाही, ज्याची मोड झालेली नाही, असा अख्खा रुपया म्हणजे बंदा रुपया. चांगल्या माणसाला आपण अजून तेच नाव देतो.

ईस्ट इंडिया कंपनीने 1835 साली आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. 1853च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, अकोला, खामगावच्या बाजारांत चांदीचे रुपये वाहू लागले. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. त्या सुमाराला मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते रिव्हेट-कार्नॅक. गंमत अशी की, हे साहेब स्वतः जुन्या नाण्यांचे अभ्यासक होते. उत्तरेतल्या मित्र राजांच्या नाण्यांवर त्यांनी 1880 साली लिहिलं.

त्या कापसाच्या पैशातले आणि नंतरचे रुपये आपल्या घराघरांत अजून सापडतात. कुणी हमेलीत ओवले, कुणी लक्ष्मीपूजनाला ठेवले, कुणी गाडग्यात घालून पुरले. 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्यात बहुतांश तांबं घातलं. 1947चा रुपया तर निकेलचाच. म्हणून आपल्या आज्या जुन्या रुपयाला जपत. त्यांच्या दृष्टीने काळा पडलेला रुपया घासून पांढरा करणं हीच त्याची निगा होती. काळा रुपया म्हणजे कमीपणा, बट्टाच जणू.

मग रंगाला किंमत कधी आली? ही हवा मुख्यत्वे अमेरिकेकडची. तिथे 1878पासून पाडलेले मॉर्गन डॉलर नावाचे चांदीचे डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशकं पडून होते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पिशव्या मोठ्या संख्येने बाहेर आल्या. मधल्या नाण्यांना काही झालं नव्हतं. पण कापडाला टेकून राहिलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलं होतं. काहींवर तर कापडाच्या विणीची जाळी रंगात उठली होती. लोकांना ते आवडलं, किंमत चढली. आणि जिथे किंमत चढते तिथे नक्कल येतेच. 1986 आणि 1987मध्ये तिकडे पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या संस्था निघाल्या. रंग संशयास्पद वाटला की त्या नाण्याला नेहमीची प्रत देत नाहीत. ही आवड आता आपल्याकडच्या लिलावांत आणि नाणेप्रदर्शनांतही आली आहे. राणीछाप आणि राजाछाप रुपये रंगवून विकणारेही तिच्या पाठोपाठ आले.

आता हा रंग म्हणजे काय ते पाहू. चांदीचा आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंचा संबंध आला की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. गंधक येतं कुठून? चुलीच्या आणि कोळशाच्या धुरातून, जुन्या कागदातून, पुठ्ठ्यातून, लोकरीतून, रबरातून. दमट हवा आणि उष्णता या कामाला गती देतात. थर सुरुवातीला इतका पातळ असतो की एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भागही तो भरत नाही. त्याला स्वतःचा असा इंद्रधनुषी रंग नसतो. थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर आपण जे रंग पाहतो, ते याच कारणाने.

म्हणूनच या रंगांना क्रम असतो. थर जसजसा जाड होतो तसा आधी फिकट पिवळा, मग सोनेरी तपकिरी, मग जांभळट लाल, मग निळा, मग फिकट आकाशी. त्यावर आणखी थर चढला तर पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा असा दुसरा फेरा, आणि शेवटी काळा. ही रंगांची शिडी आहे. पायरी चुकवून वर जाता येत नाही.

पारखीची पहिली खूण इथेच सापडते. आपोआप बसलेला रंग एका पायरीवरून दुसरीवर हळूच जातो. बहुधा काठाकडून मध्याकडे, कारण हवा काठाकडून शिरते. पांढऱ्या चांदीला लागून एकदम गर्द निळा दिसला, मधे पिवळ्याचा मागमूस नाही, तर थांबावं.

दुसरी खूण अक्षरांजवळ असते. बसलेला रंग उठावाच्या आणि अक्षरांच्या कडेला बदलतो, कारण तिथे धातूची ठेवण वेगळी, हवेचा स्पर्श वेगळा. बसवलेला रंग बरेचदा पाणी सांडावं तसा राजाच्या गालावरून अक्षरांवर आणि अक्षरांवरून मोकळ्या जागेत सरसकट वाहत गेलेला असतो.

तिसरी खूण चमक. पातळ थराखालून टांकसाळीची मूळ झळाळी दिसत राहते. नाणं उजेडात फिरवलं की ती रंगाखाली हलते. रसायनाने खाल्लेल्या पृष्ठभागावर रंग भडक असतो, पण चमक मेलेली असते.

चौथी खूण ओरखडे. नाणं आधी घासलं असेल तर बारीक समांतर रेघा भिंगाखाली दिसतात. अशा रेघांच्या आतही ताजा, झगझगीत रंग भरलेला दिसला तर विचारावं की, घासलेल्या नाण्यावर इतक्यात एवढा रंग आला कुठून? आणि रंग, लाख किंवा तेल वरून फासलेलं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये ते बहुधा सुटतं. चांदीवर खरोखर बसलेल्या थराला ॲसिटोन काही करत नाही. पण हा प्रयोग जाणकाराकडूनच करवून घ्यावा.

पाचवी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाणं कुठे आणि कसं राहिलं असेल, याची गोष्ट रंगातून जुळते का? चळतीतल्या नाण्यावर कोर पडते. कापडातल्या नाण्यावर वीण उमटते. पुठ्ठ्याच्या अल्बममधल्या नाण्याचा काठ रंगतो. रंगाला जागा सांगता आली पाहिजे.

हे सगळं मला आधी ठाऊक होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी व्हिक्टोरिया राणीचा 1862चा रुपया घेतला. मोरपिसासारखा दिसत होता. चार-पाच कविसंमेलनांचं मानधन त्यात गेलं. मराठी कवीचं मानधन किती असतं ते आपण जाणताच, पण माझ्यासाठी ती रक्कम मोठी होती. घरी आणून दादीच्या रुपयाशेजारी ठेवला आणि भिंग घेतलं. निळा रंग कुठल्याच पायरीशिवाय सुरू होत होता, राणीच्या केसांवरून अक्षरांवर सरळ ओघळला होता, आणि खाली घासल्याच्या रेघा चमकत होत्या. कुणीतरी माझ्यासारखाच तो घासला होता आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी त्याला नवं वय दिलं होतं.

खरी गंमत पुढे झाली. भाचीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे कमी पडत होते. मन घट्ट करून दादीचा रुपया घेऊन मी एका जुन्या, अनुभवी व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने पाहताक्षणी सांगितलं, "रंग बनवलेला आहे." मी पुडीची, चळतीची गोष्ट सांगितली. त्याने पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "खरा असेलही. पण मी तुमच्या दादीले पाहिलं नाही ना."

मला वाईट वाटलं. पण त्याचं चुकलं नव्हतं. कारण या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट ही की, दोन्हीकडे पदार्थ बरेचदा एकच असतो. पन्नास वर्षांत कागदाच्या पुडीत धरलेला थरही सिल्व्हर सल्फाइड, आणि गंधकाचं रसायन व आच देऊन तासाभरात धरवलेला थरही सिल्व्हर सल्फाइड. प्रयोगशाळा पदार्थ सांगेल, नियत सांगणार नाही. म्हणून खूप पाहिलेली माणसंसुद्धा एकाच नाण्यावर दोन मतं देतात. खुणा शंका बळकट करतात किंवा दूर करतात. उरलेलं काम साक्षीचं.

ही साक्ष किती मोलाची असते, ते आपल्याच भागातल्या एका शोधावरून कळतं. 1939 साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. आज हे गाव वाशीम जिल्ह्यात येतं. पोटीन म्हणजे तांब्यात इतर हलके धातू मिसळून केलेल्या धातूची ती नाणी. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचून प्रसिद्ध केली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नव्हती. दिसायला ती नाणी मळकट, ना चांदी ना सोनं. पण ती एका जागी, एकत्र सापडली आणि तशीच नोंदली गेली, म्हणून ती बोलू शकली. तीच नाणी एकेक करून बाजारात फुटली असती तर प्रत्येक नाण्याबद्दल 'कुठलं, कधीचं, खरं की खोटं' हा वाद राहिला असता.

जमिनीतल्या नाण्याचा रंग वेगळा असतो. तांब्यावर माती आणि पाण्याने जो हिरवा किंवा तपकिरी थर धरतो, तो वर्षानुवर्षं धातूशी एकजीव होत जातो. नकली हिरवेपणा पुष्कळदा वर बसलेला, नखाने किंवा टोकदार काडीने सुटणारा असतो. मात्र हिरवी पूड सुटते म्हणून प्रत्येक नाणं खोटं नव्हे. क्षारांमुळे खऱ्या नाण्यालाही एक रोग लागतो, त्यातही फिकट हिरवी भुकटी पडते. ते नाणं संग्रहालयातल्या जाणकाराच्या हाती द्यावं. आणि शेतात नांगराला असं काही लागलं तर लक्षात ठेवावं, 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, 1863पासून उभं आहे. तिथला नाणेसंग्रह जमिनीत सापडलेल्या आणि सरकारकडे आलेल्या अशाच ठेव्यांवर वाढला.

घरातल्या रुपयांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आपणच पोतदार. म्हणून एक विनंती करतो. आपल्या घरात आजीचे, पणजीचे रुपये असतील तर ते घासू नका. चिंच नको, राख नको, सोनाराकडचं उजळायचं पाणीही नको. काठाला धरून पाहा, पुन्हा कोरड्या जागी ठेवा. आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणाचे होते, कुठल्या गावी होते, कशात गुंडाळले होते, कोणत्या साली कुणाकडून आपल्याकडे आले. जुना कागद फेकू नका. रुपयापासून थोडा बाजूला, पण सोबतच असू द्या. खोटा रंग करणारा रंग करू शकतो. गावातल्या चार माणसांना माहीत असलेली गोष्ट त्याला करता येत नाही.

भाचीचा प्रवेश झाला. पैसे दुसरीकडून जमले. ती आता शिकते आहे आणि रसायनशास्त्र तिचाच विषय असल्याने गंधकाचा धडा मला तिनेच नीट समजावून दिला. मी व्यापाऱ्याकडून परत आलो त्या रात्री दादीच्या रुपयाची चिठ्ठी लिहिली. दादीचं नाव, गावाचं नाव, मेहरची रक्कम, निकाहाचं अंदाजे साल, दुष्काळात विकलेले किती, उरलेले किती. मग माझं नाव लिहिलं आणि खाली हेही लिहिलं की, बाकीचे आठ मी घासले.

घासलेले आठही त्याच पेटीत ठेवले आहेत. परवा पाहिलं तर त्यांतल्या एकाच्या काठाला अगदी फिकट पिवळी रेघ धरली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)